पळसाचं पाणी

फुलांच्या इतिहासात फार वशिलेबाजी चालते. ज्या फुलाची दरबारात ओळख, त्याचं नाव तवारिखांत. बांधावरच्या फुलाने आपलं मुकाट्याने फुलावं आणि मुकाट्याने पाचोळ्यात जावं. आता गुलाबाचंच पाहा. जहांगीर बादशहाच्या आठवणींत एक हकीकत आहे. नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी करत होती. कढत गुलाबपाणी पसरट भांड्यांत ओतलं, तर वर तेलकट साय धरली. बाईंनी ती साय थेंबाथेंबाने गोळा केली. तिचा वास असा, की एक थेंब तळहाताला चोळला तर अख्खी मैफल दरवळावी. झालं! बादशहाने खूश होऊन सासूबाईंना मोत्यांचा सर दिला, अत्तराला बादशहाचंच नाव पडलं आणि गुलाब इतिहासात कायमचा लोडाला टेकून बसला. जावयाने सासूच्या स्वयंपाकघरातल्या उद्योगाची लेखी तारीफ केल्याची इतिहासात दुसरी नोंद असली, तर ती माझ्या पाहण्यात नाही.

मोहाच्या फुलाचा वशिला निराळा. ते दरबारात गेलं नाही, सरळ कचेरीत गेलं. या फुलात साखर मुबलक, त्यामुळे पाण्यात घालून ठेवलं की थोड्याच दिवसांत ते स्वतः तरी चढतं, नाहीतर दुसऱ्याला चढवतं. १८९२ साली मुंबई इलाख्यात खास या फुलासाठी एक कायदा झाला. कायद्याचं नावसुद्धा मोहावरूनच. झाडाखाली पडलेलं फूल उचलायचं तर आधी सरकारकडे बघायचं, अशी पाळी काही भागांत आली. पुढे कुठल्या ना कुठल्या रूपात बंधनं राहिली, आणि महाराष्ट्र सरकारने मोहफुलं वेचण्यावरची बंधनं उठवली ती २०२१ साली. म्हणजे सव्वाशे वर्षांवर काळ या फुलाने फायलींत मुक्काम केला. एवढी पेन्शनपात्र नोकरी फार थोड्या फुलांनी केली असेल.

जाता जाता शब्दांचीही एक गंमत सांगतो. सरबत आणि शराब हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आले. धातूचा अर्थ, पिणे. सख्ख्या बहिणी! एकीला पुढच्या दाराने पाटावर बसवतात, दुसरीला मागच्या दाराने घेतात, एवढाच फरक. खोकल्याचं औषध म्हणून आपण पितो ते इंग्रजी ‘सिरप’ही त्यांचाच विलायतेत दत्तक गेलेला भाऊ.

तर सांगायचा मुद्दा असा की फुलाला इतिहासात यायचं असेल तर एक तर वास हवा, नाहीतर कर हवा. आमच्या पळसाकडे दोन्ही नाही.

‘आमच्या’ म्हणजे जालना जिल्ह्यातल्या. तसा पळस साऱ्या देशाचा, पण भोकरदन-जाफराबादकडे फाल्गुनात गेलात तर तो आमचाच आहे हे तुम्हीही मान्य कराल. माळ करडा झालेला असतो, रानात नुसती ढेकळं, नदीत वाळू, आणि या सगळ्या उदास सभेत एकटा पळस शेंदरी फेटा बांधून उभा. ‘कुठेही जा, पळसाला पानं तीनच’ असं आपण म्हणतो, पण म्हण करणारा बहुधा पावसाळ्यात गेला असावा. फाल्गुनात एकही पान नसतं, नुसतं फूल. फुलाचा आकार पोपटाच्या चोचीसारखा, म्हणून संस्कृत पंडितांनी त्याला ‘किंशुक’ म्हटलं. हा पोपट तर नव्हे? असं विचारणारं नाव. नाव ठेवलं आणि मग लगेच नावंही ठेवली! देखणा पण विद्या नसलेला माणूस कसा, तर बिनवासाच्या पळसफुलासारखा, असा दाखला त्यांनी देऊन टाकला. वर्गातल्या ढ पण गोऱ्यागोमट्या मुलाला हजार वर्षं हीच उपमा चालू आहे.

बरं, राजकारणात म्हणावं तर पळसाची ओळख अगदीच कमी नाही. १७५७ सालच्या ज्या लढाईने इंग्रजांचा या देशात पाय रोवला, त्या प्लासीचं खरं नाव पलाशी. पळसाच्या झाडांवरून पडलेलं. शास्त्रज्ञांनी झाडाला लॅटिन नाव दिलं ‘ब्युटिया’, ते लॉर्ड ब्यूट या गृहस्थांवरून. हे गृहस्थ वनस्पतिशास्त्राचे शौकीन आणि १७६२-६३ साली इंग्लंडचे पंतप्रधान. आता योगायोग पाहा. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आमच्याच जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, आसईची लढाई झाली. शिंदे-भोसल्यांच्या फौजांवर तिथे मात करणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८२८ साली इंग्लंडचा पंतप्रधानही झाला. म्हणजे आमच्या बांधावरच्या झाडाचं नाव एका ब्रिटिश पंतप्रधानाचं आणि बांधापलीकडची लढाई दुसऱ्याची. एवढं असून आमच्या वस्तीला पक्का रस्ता मिळायला किती वर्षं लागली, ते विचारू नका.

या साऱ्या इतिहासात एका गोष्टीचा मात्र पत्ता नाही. ती म्हणजे पळसाच्या फुलांचं सरबत. भावप्रकाश या सोळाव्या शतकातल्या वैद्यकग्रंथात पळसफूल थंड, तहान आणि दाह शमवणारं म्हणून सांगितलेलं आहे, पण ते औषध म्हणून. औषध घ्यायला माणूस आजारी पडावा लागतो. सरबत प्यायला नुसता उन्हातून यावा लागतो.

आमच्या घरी हे सरबत आजी करायची. ती त्याला सरबत म्हणत नसे, ‘पळसाचं पाणी’ म्हणे. पहाटे, उन्हं तापायच्या आत, झाडाखाली पडलेली ताजी फुलं ओच्यात गोळा करायची. देठाकडची तपकिरी, मखमली वाटी खुडून टाकायची, कारण ती तशीच राहिली तर पाणी तुरट होतं. पाकळ्या दोन पाण्यांनी धुवायच्या. पळसाच्या फुलात मध असतो, त्यामुळे मुंग्यांचं अख्खं खटलं वस्तीला आलेलं असतं. त्यांना आजी हळूच फुंकर घालून निरोप द्यायची. मग फुलं रात्रभर मातीच्या डेऱ्यात भिजत घालायची. सकाळी हाताने कुस्करून, पातळ फडक्यातून गाळून, त्यात गूळ, चिमूट मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि असलंच घरात तर लिंबू. लिंबू पिळलं की पाण्याचा केशरी रंग निवळून पिवळा होतो. आम्हा पोरांना हा जादूचा प्रयोग वाटे, आणि तो पाहायला मिळावा म्हणून आम्ही शेजारच्या मळ्यातून लिंबं आणत असू. कशी आणत असू, तो भाग या लेखात येत नाही.

चव कशी? खरं सांगायचं तर आधी काहीच नाही. मग थोडी तुरट, मग गुळाची गोडी, मग जिरं, आणि घोट उतरल्यावर जिभेवर एक कडवटपणाची रेघ. पण डोकं थंड. वास नसल्यामुळे डोळे मिटून प्यायलं तर आपण काय पितो आहोत ते कळत नाही. डोळे उघडले तर एवढं देखणं काही आपण पितो आहोत यावर विश्वास बसत नाही.

एकाच झाडाची आजीने चार खाती उघडली होती. भिजलेल्या फुलांचं पाणी गोड केलं की सरबत. तेच उकळून त्यात चुना टाकला की रंगपंचमीचा पक्का रंग. तेच आंघोळीच्या पाण्यात मिसळलं की म्हणे उन्हाळाभर घामोळं येत नाही. आणि कुणाची लघवी अडली, तर वाफवलेल्या फुलांचा ओटीपोटावर शेक. चार खात्यांच्या चार घागरी ओसरीवर एका ओळीत मांडलेल्या. वरून सगळ्या सारख्या. एका रंगपंचमीला आमच्या आत्याचे यजमान उन्हातून आले आणि जावयाच्या हक्काने स्वतःच तांब्या बुडवून घटाघटा प्यायले, ते नेमके चुन्याच्या घागरीतून. काही झालं नाही त्यांना. फक्त दिवसभर कुणीही “भावोजी, रंग लावू का?” विचारलं, की ते “आतून लावून झालाय” म्हणायचे. गर्भारशीला मात्र आजी हे पाणी कधीच देत नसे. का, विचारलं तर “देत नसत्यात” एवढंच. जुन्या बायकांच्या शास्त्रात कारणं कमी आणि पथ्यं जास्त.

हे पाणी इतिहासात का नाही, हा प्रश्न मला पडला तो आमच्या अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे चुलते, हायस्कुलात इतिहासाचे मास्तर. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून फुटून जालना जिल्हा वेगळा झाला, आणि अण्णांनी त्याच आठवड्यात २०० पानांची वही आणली. नव्या जिल्ह्याचा इतिहास कुणीतरी लिहायलाच हवा होता, आणि अण्णांच्या मते कुणीतरी म्हणजे अण्णाच. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लाल शाईने लिहिलं, ‘आधाराशिवाय एक अक्षर नाही’. त्यामुळे वही बरीच वर्षं कोरीच राहिली.

हळूहळू पानं भरत गेली. कुंडलिका नदीच्या दोन तीरांवर वसलेलं जालना आणि कादराबाद, निजाम-उल-मुल्कच्या वेळची १७२५ची गढी, ‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण, हैदराबाद कंटिंजंटची १८२७ सालची छावणी आणि १९०३ साली तिचं उठणं, मनमाडहून हैदराबादकडे गेलेली रेल्वे, १७ सप्टेंबर १९४८. एका दुपारी आजीने त्यांच्यापुढे पळसाच्या पाण्याचा पेला ठेवला. मी म्हटलं, “अण्णा, हेही लिहा की वहीत.”

अण्णांनी पेला संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, “याला आधार काय?”

आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, “हाय की. घागरीखाली चुंबळ हाय.”

अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, “लिखित आधार. कागद. सनद. गॅझेटियर.” मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं. अकबराच्या दरबारातला अबुल फजल काही काळ जालन्यात राहिला होता, असं म्हणतात. हा तोच माणूस, ज्याने ‘आइन-इ-अकबरी’त बादशहाच्या पिण्याच्या पाण्याचंसुद्धा स्वतंत्र खातं वर्णन केलं आहे. गंगेचं पाणी मोहोरबंद घागरींतून कसं येतं, सोऱ्याने ते गार कसं करतात, बर्फ काय भावाने मिळतो, सगळं बयाजवार. “आता हा मनुष्य जालन्यात राहून जर पळसाचं पाणी प्यायला असता, तर त्याने लिहिलं नसतं का?”

आजी दारात आली. “कोन म्हनलास?”

“अबुल फजल. मोठा विद्वान होता आई. चारशे वर्षं झाली.”

“उन्हाळ्यात राह्यला का हिवाळ्यात?”

अण्णांना हे माहीत नव्हतं.

“उन्हाळ्यात राह्यला आसंल तर पेऊन गेला आसंल,” आजी म्हणाली आणि रिकामा पेला घेऊन आत गेली. अण्णांनी वहीत काही लिहिलं नाही, पण त्या दिवशी पुढेही काही लिहिलं नाही.

मला तर छावणीतल्या मडमांचंही कुतूहल वाटतं. इंग्लंडात एल्डर नावाचं कुंपणाकाठी वाढणारं झुडूप आहे. त्याची पांढरी फुलं उन्हाळ्याच्या तोंडाशी खुडून साखर, लिंबू आणि पाण्यात मुरवतात, आणि त्या पाकाला ‘कॉर्डियल’ म्हणतात. शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ काळजाचा. आपल्याकडे वैद्य जिवाला बरं वाटणाऱ्या पदार्थाला ‘हृद्य’ म्हणतात, तेच. म्हणजे बांधावरची फुकटची फुलं, घरातली थोडी साखर आणि आल्या-गेल्याच्या काळजाला गारवा, हा उद्योग तिकडच्या आज्याही करत होत्या. पाऊणशे वर्षं जालन्याला गोऱ्या साहेबांची बिऱ्हाडं होती. त्यातल्या एखाद्या बाईला फाल्गुनात गावाकडच्या फुलांची आठवण झाली असेल आणि समोर पळस पेटलेला दिसला असेल. तिने माळणीला काही विचारलं असेल का? दोघींना एकमेकींची भाषा येत नसणार, पण दोघी मिळून काही भिजत घालायचं तर भाषा फारशी लागत नाही. अर्थात याला आधार नाही.

आता एक आठवण सांगतो. तिला आधार माझाच.

१९७२ साली पावसाने मराठवाड्याकडे पाठ फिरवली. खरीप गेलं, रब्बी गेलं, आणि १९७३चा उन्हाळा उजाडला. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा. रेशनवर लाल मिलो आणि शाळेत सुकडी, एवढं मला खाण्यापुरतं आठवतं. मोठी माणसं दुष्काळी कामावर. आमच्या गावाजवळ रस्त्याचं काम निघालं होतं, आणि ज्यांच्या घरी गतसाली धान्याच्या कणग्या होत्या, तेही हातोडी घेऊन खडी फोडायला बसले होते. सुरुवातीला काहीजण तोंडाला फडकं बांधत. धुळीमुळे, असं सांगत. पण धूळ सगळ्यांनाच होती आणि फडकं सगळे बांधत नसत. जे बांधत, त्यांची जमीन जास्त होती.

विहिरी तळाला गेल्या होत्या. खाली उतरून वाटीने भरावं तेव्हा घागर भरे, आणि ते पाणी गढूळ. आजी ते चुलीवर खळाखळा उकळायची, निवू द्यायची, आणि पळसाची फुलं त्यात रात्रभर ठेवायची. पावसाने पाठ फिरवली तरी पळस त्या वर्षी नेहमीसारखाच फुलला होता. त्याची मुळं खोल असतात. सरकारी अहवालांची वाट न बघता तो आपला जमिनीकडून परस्पर वसुली करतो. सकाळी पाणी गाळून त्यात गुळाचा खडा आणि मीठ घालून आजी घागर डोक्यावर आणि मला बोटाशी घेऊन कामावर निघायची. माझं काम, पेला धरायचं.

मी तिला एकदा विचारलं, “आजे, एवढा खटाटोप कामून? नुसतं उकळलेलं पाणीच न्यावं की.”

आजी चालता चालता म्हणाली, “नुसतं पानी दिलं तर मजूर पेतो, बाबा. सरबत दिलं तर पाव्हणा पेतो.”

तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. पण मी पेला पुढे केला की माणसं काय करत, ते आठवतं. आधी हात धोतराला पुसत. बायका पदर सावरत. फडकं बांधलेले फडकं सोडत, कारण फडक्यातून सरबत पिता येत नाही. मग एखादा विचारी, “काय घातलंय ओ मावशी?” आणि आजी, जणू ओसरीवर पाहुणे बसले आहेत आणि आत पुरणाचा घाट आहे, अशा थाटात फुलं कशी खुडायची ते सांगत बसे. चार मिनिटं तिथे दुष्काळ नसे. मग मुकादम खाकरे आणि हातोड्या सुरू होत.

पुढे मोठेपणी मी वाचलं की त्याच्या आदल्या-मागल्या वर्षी, म्हणजे १९७१ साली, बंगालमध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या हजारो रोग्यांना साखर, मीठ आणि सोडा घातलेलं पाणी पाजून वाचवलं. त्यालाच आपण आज जलसंजीवनी म्हणतो. आजीला यातलं काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तिच्या घागरीला मी ते मोठं नाव देणार नाही. तिचं माप चिमटीचं. शिवाय आरोग्याच्या दृष्टीने खरं काम केलं ते उकळण्याने. पळसाने काय केलं असेल तर उकळलेल्या गढूळ पाण्याचा गढूळपणा झाकला आणि पिणाऱ्याची अब्रू झाकली. फुलाला वास नसला म्हणून काय झालं?

आजी १९८६ साली गेली. पुढच्या फाल्गुनात डेरा माळ्यावर गेला आणि घरात रसनाचं पाकीट आलं. करायला सोपं, रंगही साधारण तसाच, आणि पाहुणे विचारत तेव्हा सांगायला कंपनीचं नाव. पत्रावळींचंही तसंच झालं. पूर्वी पंगतीला पळसाची पानं लागत म्हणून बांधावरचं झाड कुणी तोडत नसे. कागदाच्या आणि प्लॅस्टिकच्या पत्रावळी आल्या आणि पळसाची नोकरी गेली. नोकरी गेलेल्या माणसाला घरात जशी जागा कमी पडायला लागते, तशी पळसाला बांधावर कमी पडू लागली. बांध कोरले गेले, ट्रॅक्टर वळायला अडचण होऊ लागली, मग जेसीबी आले. १९६४ साली महिको सुरू झाल्यापासून जालन्याचं नाव बियाण्यांसाठी देशभर गेलेलं आहे. महिकोच्या बद्रीनारायण बारवाल्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. अशा बियाण्यांच्या गावात पळसाची बी मागायला मात्र मी कुणाला दुकानात गेलेलं पाहिलं नाही.

२०१२ साली पुन्हा पाऊस फिरकला नाही. २०१३च्या उन्हाळ्यात जालना साऱ्या महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर होता. एवढी प्रसिद्धी आमच्या वाट्याला एरवी येत नाही. टँकरपुढे हंड्यांच्या रांगा, आणि मोसंबीच्या बागाच्या बागा उभ्या वाळलेल्या. मोसंबी म्हणजे आमच्या जिल्ह्याचं लाडकं लेकरू. पुढे २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण लाडकं लेकरू तहान सोसत नाही. लोकांनी टँकरचं पाणी विकत घेऊन घातलं, दागिने मोडले, शेवटी कुऱ्हाड लावली. आमचीही थोडी झाडं होती, ती गेली. अण्णा तेव्हा ऐंशीच्या घरातले. त्यांना घेऊन मी शेतावर गेलो होतो. वाळलेल्या बागेच्या बांधावर एकच पळस वाचला होता आणि तो नेहमीसारखा, कुणी पाणी घातलं नाही, कुणी खत घातलं नाही, तरी नखशिखांत फुललेला. अण्णा बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. काही बोलले नाहीत. फक्त परत निघताना खाली वाकले आणि चार फुलं धोतराच्या सोग्यात घेतली.

अण्णा गेल्यावर वही माझ्याकडे आली. ‘दुष्काळ’ या मथळ्याखाली १९७२-७३ची आकडेवारी, सरकारी कागदांचे हवाले, सगळं व्यवस्थित. आणि त्याखाली वेगळ्या, कापऱ्या अक्षरात पाऊण पान. ‘पळसाचं पाणी’. फुलं किती, पाणी किती, वाटी का खुडायची, गूळ कधी घालायचा. शेवटी कंसात, लाल शाईने: ‘आधार: आई. तोंडी.’

जिल्ह्याचा तो इतिहास छापला गेला नाही आणि आता जाणारही नाही. म्हणून ते पाऊण पान मी इथे उतरवून देतो, थोडं आजच्या स्वयंपाकघराला सोयीचं करून. फवारणी झालेल्या शेताच्या कडेची फुलं घेऊ नका. खाली पडलेली ताजी घ्या, झाडावरची साळुंक्यांना आणि शिंजिरांना राहू द्या. खुडून, धुऊन चार मोठ्या ओंजळी पाकळ्या दोन तांबे पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी एक उकळी देऊन गाळा. साठवायचं असेल तर अर्काइतकीच साखर घालून पाक करा, गार झाल्यावर लिंबू पिळा आणि काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन आठवडे टिकतं. आमच्याकडे दोन-तीन दिवस टिकतं, पण त्याचं कारण वेगळं आहे. पिताना चार पट पाणी, चिमूट मीठ, जिऱ्याची पूड.

आणि टळटळीत दुपारी टपाल घेऊन, गॅसची टाकी घेऊन किंवा मीटर बघायला कुणी दारात आलं, आणि त्याने पाणी मागितलं, तर त्याला बसायला सांगून हा पेला पुढे करा. तो हात पुसेल. मग रंगाकडे बघून हमखास विचारेल, “कोणत्या कंपनीचं हो हे?”

बांधावरची, म्हणून सांगा. जुनी कंपनी आहे.